अस्वलाने आणलेली जागा

फार जुनी गोष्ट. तेव्हा जनावरंही संमेलनं भरवायची, म्हणजे बघा किती बिघडली होती! भोरप्या अस्वलाला तिथं मधावर बोलायचं होतं. पण वक्ते निवडणारे हत्तीदादा दरसाल त्याचं भाषण ऐकून गोड हसायचे, "झकास हो! पण मंचावर जागा नाही."

पुढच्या साली भोरप्या मोठा दगड डोक्यावर घेऊनच हजर. "दादा, उभं राहायला जागा आणलीय!"

सगळे फिदीफिदी हसले. हत्तीदादा सोंड खाजवत बसले. भोरप्याचे डोळे भरले. "पुन्हा यायचा नाही," म्हणत तो वळला, तशी साळिंदरबाई आडवी आली.

"अरे, जागेला काय धाड भरलीय? तू पणजोबापासून पुराण लावतोस. मध येईपर्यंत ऐकणारे घोरतात. थेट पोळ्यापासून सुरू कर. माश्यांना कसा चकवतोस, ते तुझ्याशिवाय कुणाला ठाऊक आहे?"

भोरप्याला ते चांगलंच झोंबलं. तो गुरगुरला. मग तिथंच बसकण मारून म्हणाला, "बरं, ऐक. आधी वारा कुठनं येतो ते बघायचं..."

हसणारे एकेक करून जवळ सरकले. मागून हत्तीदादा ओरडले, "अरे, जरा मोठ्यानं बोल की, इकडं ऐकू येत नाही!"