मॅच सुरू झाली की शाळा सोड

एक होतं गाव, गावात होती शाळा, आणि त्या शाळेत होता एक भोळा शिपाई. गावाचं नाव बोरखडी. शिपायाचं नाव हैबती. सांगितलेलं काम हैबती तंतोतंत करायचा. न सांगितलेलं करायचा नाही. आणि सांगणाऱ्याच्या मनात काय होतं, याच्या भानगडीत तो कधी पडला नाही.

शाळेच्या अंगणात लिंबाला एक लोखंडी तुकडा टांगलेला होता. तीच शाळेची घंटा. ती वाजवायचा मान हैबतीचा. हातात हातोडी घेऊन तो घंटेखाली उभा राहिला की त्याची छाती फुगायची. अख्खी शाळा आपल्या हातावर चालते, असं त्याला वाटायचं. यात खोटं काही नव्हतं, कारण आतमध्ये फारसं काही चालत नव्हतं.

त्या वर्षी क्रिकेटचा वर्ल्ड कप आला. शाळा समितीची बैठक भरली. समितीचे अध्यक्ष रंगराव म्हणाले, "भारताची मॅच असेल त्या दिवशी शाळा लवकर सोडा. पोरांना खेळाची गोडी लागली पाहिजे."

मुख्याध्यापक खोपडे सर म्हणाले, "वा! फार दूरदृष्टीचा विचार!"

ताटेबाई मुलींना खो-खो शिकवायच्या. त्या म्हणाल्या, "मग पोरांना खेळाचा तास तरी परत द्या. तो तुम्ही गणिताला देऊन टाकलाय."

"बाई, खेळापायी अभ्यास बुडवून कसं चालेल?" खोपडे सर म्हणाले.

"आणि आमच्या पोरींचे तालुक्याचे सामने आहेत. त्या दिवशी त्यांना सोडाल ना?"

"शाळेच्या वेळेत? छे छे! शिस्त म्हणून काही आहे की नाही?"

ठराव झाला. सरांनी हैबतीला बोलावलं. कुठली मॅच कधी, हे लक्षात ठेवायचा त्यांना कंटाळा होता. ते म्हणाले, "हैबती, आता घड्याळाकडे बघायचं नाही. मॅच सुरू झाली की शाळा सोड. समजलं?"

"समजलं, सर."

खरंच समजलं होतं. सांगितलं होतं तेवढं.

दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आधी चौथीची पोरं अंगणात खेळत होती. एकाच्या हातात फळकूट, दुसऱ्याच्या हातात रबरी चेंडू. चेंडू उडाला आणि कोणीतरी ओरडलं, "चला, मॅच सुरू!"

हैबती धावत घंटेकडे गेला. टण टण टण टण! प्रार्थनेला जमत असलेली शाळा 'खरा' म्हणायच्या आत घरी गेली.

खोपडे सर चपला फरफटत बाहेर आले. "अरे गाढवा! ही मॅच आहे का?"

"त्येच म्हणत होते की, सर."

"पोरांनी खेळलं तर ती मॅच नसते! जिथं माणसं जमतात, आरडाओरडा होतो, टाळ्या पडतात, त्याला मॅच म्हणायचं. समजलं?"

"समजलं, सर."

पुढं काही दिवसांनी शाळेच्या पटांगणात ग्रामसभा भरली. विषय नळाच्या पाण्याचा. वरच्या आळीचे लोक ओरडले, खालच्या आळीचे त्याहून मोठ्यानं ओरडले. सरपंचांनी पाणी आणतो म्हणून सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. हैबतीनं माणसं बघितली, ओरडा ऐकला, टाळ्या ऐकल्या. टण टण टण टण!

पोरं दप्तरं उडवत पळाली. सभेला वाटलं आपलीच घंटा झाली, तीही उठून गेली. पाण्याचं तसंच राहिलं. ते तसंही तसंच राहणार होतं.

खोपडे सरांनी कपाळ बडवलं. "अरे, ती ग्रामसभा होती! तिथं कोणी आऊट झालं का?"

"न्हाई बा."

"मॅचमध्ये माणूस आऊट होतो. बोट वर झालं की गेला घरी! बोट बघ, बोट! समजलं?"

"समजलं, सर."

हैबतीला वाईट वाटलं. दोनदा आपण चुकलो. आता बोटावरून नजर हलवायची नाही, असं त्यानं ठरवलं आणि तिसरीच्या दारात बसून राहिला.

गुरुजी फळ्यावर नदीचं चित्र काढत होते. मागच्या बाकावरच्या एका पोरानं करंगळी वर केली. त्याला जोराची लागली होती.

"आऊट!" हैबती ओरडला. "जा घरी!"

"पण मला फक्त..."

"बोट वर झालं. आता बोलायचं न्हाई. दप्तर घे."

पोरगं खुळ्यासारखं बघत दप्तर घेऊन गेलं. बाकीची पोरं खुळी नव्हती. शेजारच्या बाकावर करंगळी उठली. मग पुढच्या. मग खिडकीतून ही बातमी चौथीत गेली, तिथून पाचवीत. जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळी शाळा ऑल आऊट झाली होती. खोपडे सर डुलकी काढून ऑफिसातून बाहेर आले, तर वर्गावर्गांत एकेक गुरुजी फळ्याशी बोलत उभे.

या वेळी सर आल्या पावली ऑफिसात परत गेले. डोक्यावर वर्ल्ड कपची फायनल येऊन ठेपली होती.

फायनलचा बेत मोठा होता. शाळेला शिकवण्यासाठी एक मोठा पडदा मिळालेला होता. त्यावर आजवर एक धडासुद्धा कोणी दाखवला नव्हता. तो आता सभागृहात लावला. पोरांनी फायनल बघावी म्हणून शाळा सकाळीच सोडायची ठरली. पण समिती आली, समितीचे पाहुणे आले, तालुक्याचे शिक्षणाधिकारी साहेब खास आले. खुर्च्या संपल्या. मग पोरांनी आपापल्या घरी बघावं असं ठरलं.

तालुक्याचे सामनेही त्याच दिवशी होते. ताटेबाईंनी खो-खोच्या मुलींना टेंपोत बसवलं. सर धावत आले. "बाई, कुठं निघालात? शाळा बुडेल!"

"शाळा तुम्हीच सोडली की, सर. आता काय बुडायचं राहिलंय?"

टेंपो धूळ उडवत निघून गेला. सरांनी हैबतीला बाजूला घेतलं.

"नीट ऐक. पोरं आत घुसतील, म्हणून बाहेरून कुलूप घाल. मॅच संपल्याशिवाय दार उघडायचं नाही. कोणी ओरडो, टाळ्या वाजवो, बोट वर करो, नाही म्हणजे नाही! समजलं?"

"समजलं, सर."

हैबतीनं कुलूप घातलं, किल्ली कनवटीला लावली आणि दाराशी मांडी घालून बसला. आज चुकायचं नाही.

आत मॅच रंगली. चहा झाला, भजी झाली, पुन्हा चहा झाला. आणि ऐन रंगात मॅचच्या गावी पाऊस आला. खेळ थांबला. खेळाडू आत गेले. बराच वेळ ओलं मैदान बघून झाल्यावर पडद्यावर सांगितलं की उरलेली मॅच उद्या.

खोपडे सरांनी आतून दार ठोठावलं. "हैबती, उघड."

"मॅच संपली का, सर?"

"संपली नाही रे. थांबली. पाऊस आहे."

हैबतीनं वर बघितलं. "पाऊस कुठाय? चांगलं ऊन पडलंय."

"इथं नाही, तिथं! उरलेली मॅच उद्या आहे."

"मग उद्या उघडतो."

आत सगळे एकदम ओरडायला लागले. हैबती हलला नाही. ओरडतील, हे सरांनी आधीच सांगून ठेवलं होतं. साहेबांनी लक्ष वेधायला टाळ्या वाजवल्या. तेही सांगितलेलं होतं. सरांचं सगळं कसं बरोबर निघतं, याचं हैबतीला कौतुक वाटलं.

साहेब खिडकीशी आले. "मी कोण आहे माहीत आहे का तुला? शिक्षणाधिकारी!"

"बसा साहेब. खेळात कोणी लहानमोठं नसतं."

मग अध्यक्ष रंगराव गजांपाशी आले. त्यांनी दोनदा चहा घेतला होता. त्यांनी नुसती करंगळी वर केली.

"आऊट न्हाई, अध्यक्ष," हैबती प्रेमानं म्हणाला. "खेळत ऱ्हावा."

रंगरावांचा चेहरा बघून त्याला दया आली. माणूस कासावीस झालाय, तहान लागली असेल, म्हणून त्यानं गजांतून तांब्याभर थंड पाणी आत दिलं. रंगरावांनी पाण्याची धार बघितली आणि डोळे मिटून घेतले.

संध्याकाळी टेंपो परत आला. मुलींनी ढाल डोक्यावर नाचवत आणली होती. गुडघे फुटलेले, आवाज बसलेले, तोंडं फुललेली. सभागृहातला कल्लोळ ऐकून ताटेबाई दाराशी आल्या.

हैबती उठून उभा राहिला. "बाई, मॅच संपली का?"

"संपली की. आम्ही जिंकलो!"

"मग ठीक." हैबतीनं कनवटीची किल्ली काढली आणि कुलूप उघडलं.

रंगराव सगळ्यांत आधी बाहेर पडले आणि कोणाकडेही न बघता शाळेच्या मागं धावले. त्यांच्यामागं समिती. साहेब गाडीत बसून गेले, निरोपही घेतला नाही. खोपडे सरांचं तोंड भज्याच्या चटणीसारखं लाल झालं होतं.

"हैबती! उद्यापासून तुला कायमची सुट्टी! समजलं?"

"समजलं, सर."

खोपडे सर त्याच रात्री साहेबांची समजूत घालायला तालुक्याला गेले. साहेब भेटेनात, म्हणून तिथंच राहिले. ताटेबाई मुलींना घेऊन जिल्ह्याच्या सामन्यांना गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी हैबती घंटेखाली उभा राहून विचार करत होता. सुट्टी एकट्या माणसाला कशी असेल? सुट्टी झाली की सगळ्यांची होते, घंटा त्यासाठीच तर असते. त्यानं हातोडी उचलली आणि आयुष्यात वाजवली नव्हती एवढी लांब घंटा वाजवली. "कायमची सुट्टी! सरांनी सांगितलंय!" पोरं गेली. गुरुजी लोकही गेले. सुट्टीचं कारण विचारायची त्यांना सवय नव्हती. हैबतीनं फाटकाला कुलूप घातलं आणि आपल्या मेहुण्याच्या गावाला निघून गेला.

बऱ्याच दिवसांनी खोपडे सर परत आले, तर फाटक बंद आणि ओसरीवर शेळ्या. ते धापा टाकत चावडीवर गेले. गाव तिथं निवांत बसलं होतं.

"अहो, शाळा कायमची बंद झाली! तुम्हाला कोणाला काहीच कसं वाटलं नाही?"

"वाटलं की," एक जण तंबाखू मळत म्हणाला. "हैबती जायच्या आधी त्याला इचारलंसुद्धा, कुठली मॅच हाय रं? तो म्हणाला, ठाऊक न्हाई." त्यानं चिमूट तोंडात टाकली. "आमी म्हटलं, मोठीच असंल."