बारा शब्दांचं कुलूप

"मग ठेवू तरी कुठं, वस्ताद?"

जिनदत्तनं हे तिसऱ्यांदा विचारलं. दस्तगीर वस्तादांनी शेगड्याच्या लोखंडी जबड्यात आवळलेली किल्ली कानशीनं दोनदा घासली, सोडवून उजेडाकडं धरून बघितली, आणि परत आवळून घासायला घेतली.

सांगलीतलं वस्तादांचं दुकान म्हणजे चार पावलांची खोली. पंचवीस वर्षांपूर्वी जिनदत्त इथंच कुलपं आणि तिजोऱ्या उघडायला शिकला होता, चांगली सहा वर्षं. मग कॉम्प्युटर शिकला, पुण्याला गेला, मोठा झाला. आज गाडी कोपऱ्यावर लावून आला, आणि दारातच तेलाचा नि पितळेच्या भुश्शाचा वास नाकात शिरला. त्याला इतकं भरून आलं, की आपण कशाला आलोय हेच तो घटकाभर विसरला.

"काय ठेवायचंय म्हणालास?"

"बारा शब्द."

"शब्द?"

मग जिनदत्तनं सगळं समजावून सांगितलं. गेली आठ वर्षं तो क्रिप्टो घेत होता. कॉम्प्युटरवरचं नाणं ते, हातात धरता येत नाही. सगळं एका बोटाएवढ्या यंत्रात कुलूपबंद. यंत्र हरवलं, मोडलं तरी हरकत नाही. बारा इंग्रजी शब्द ओळीनं घातले, की दुसऱ्या यंत्रात सगळं परत मिळतं. पण ते शब्द ज्याच्या हाती, माल त्याचा.

"अन् चोरीला गेलं तर तक्रार कुठं?"

"कुठंच नाही. बँक नाही, मॅनेजर नाही."

"डुप्लिकेट किल्ली?"

"नाही."

वस्तादांची कानस थांबली. "अरे वा! असलं कुलूप करायचं म्हणून आमच्या बानं सगळा जन्म घालवला."

जिनदत्त खुलला. जरा चढलाच म्हणा ना.

"लोक मूर्ख असतात हो, वस्ताद. कुणी शब्दांचा फोटो काढून मोबाईलमध्ये ठेवतं. कुणी दामदुप्पट देतो म्हणणाऱ्याच्या हवाली सगळं करून मोकळं होतं. मला वर्षात आठ फोन आले. 'सर, कंपनीतून बोलतोय, तुमचं खातं धोक्यात आहे, शब्द सांगा.' एकालाही दाद दिली नाही. तुमच्या हाताखाली शिकलोय मी. कुलपाच्या बाबतीत मला कोण फसवतंय?"

"खरं हाय," वस्ताद म्हणाले. "मग माझ्याकडं का आलास?"

जिनदत्तनं छातीवर हात ठेवला.

"सोमवारी मिरजेत ऑपरेशन आहे. हृदयाचं."

वस्तादांनी कानस खाली ठेवली.

"डॉक्टर म्हणतात, काळजी करू नका. पण समजा, मी टेबलावरून उठलोच नाही... तर ते शब्द माझ्याबरोबर जाणार. पोरीचं शिक्षण, लग्न, सगळं त्यातच आहे. म्हणून म्हटलं, शब्द तुमच्याकडं ठेवावेत. मला काही झालं तर तुम्ही तिला द्यायचे."

"पोरीला आई हाय न्हवं? सूनबाईला सांग की."

"त्रिशलाला? तिला त्यातलं काही कळत नाही, वस्ताद. अन् तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. सकाळी सांगितलं की दुपारी भावाला कळतंय."

"एवढं घबाड हाय, हे तरी ठावं हाय तिला?"

"नाही."

वस्ताद त्याच्याकडं वळून बसले.

"तासगावची तिजोरी आठवती का रं?"

न आठवायला काय झालं? जिनदत्तच्या डोळ्यांपुढं सगळं उभं राहिलं. दोन्हीकडं द्राक्षाच्या बागा, तो सायकल मारतोय, मागं कॅरिअरवर वस्ताद, मांडीवर हत्यारांची पिशवी. चढ आला की वस्ताद विचारायचे, "उतरू का रं?" पण उतरायचे मात्र नाहीत. काय दिवस होते ते! खिशात दमडी नव्हती, आणि छातीत कसली धडधडही नव्हती.

एका किराणा व्यापाऱ्याची तिजोरी होती ती. माणूस झोपेतच गेला, किल्ली कुठं ठेवलीय ते कुणाला न सांगता. त्याची बायको अकरा वर्षं दर लक्ष्मीपूजनाला त्या बंद तिजोरीला हळदकुंकू लावत होती. शेवटी जावयानं वस्तादांना बोलावलं.

वस्तादांची एक रीत होती. कुलूप उघडलं, तरी दार ओढायचं नाही. "उघडलंय बघा" म्हणायचं आणि अंगणात येऊन घराकडं पाठ करून उभं राहायचं. आत काय आहे ते ज्याचं त्यानं बघावं. जिनदत्तनं सहा वर्षांत दोनशे तिजोऱ्या उघडताना पाहिल्या, पण आतलं काही पाहिलं नाही.

त्या दिवशी मात्र म्हातारीनंच दोघांना आत बोलावलं. तिजोरीत कागदांचा भुगा होता. सगळं वाळवीनं खाल्लेलं.

"काय म्हणाली हुती म्हातारी?" वस्तादांनी विचारलं.



"म्हणाली, जन्मभर मी ह्यांचं घर राखलं, अन् ह्यांनी माझ्यापासनं किल्ली राखली."

"व्हय. असंच म्हणाली."

बाहेरून एक टेम्पो खडखडत गेला. वस्तादांनी फडक्याला हात पुसले.

"बरं. सांग बघू तुझे शब्द."

जिनदत्तला हायसं वाटलं. त्यानं घाईघाईनं खिशातून घडी केलेला कागद काढला.

"कागद नको. मला दिसतंय कुठं आता? तोंडानं सांग."

आता वस्तादांनी मागायचं आणि त्यानं नाही म्हणायचं, असं आजवर कधी झालं नव्हतं. शिवाय वस्तादांना इंग्रजीचा गंध नाही. जिनदत्त शाळेत कविता म्हणावी तसा घडाघडा म्हणून गेला, "लेमन, ऑर्बिट, कॅनल, टायगर..." बाराच्या बारा.

वस्ताद डोळे मिटून ऐकत होते. मग डोळे न उघडताच त्यांनी सुरुवात केली.

"लेमन. आरबिट. क्यानल. टायगर..."

ओळीनं आठ शब्द! एकही पुढंमागं नाही. तिजोरीच्या दाराला कान लावून आतली कुठली पट्टी कुठं पडली ते ऐकण्यात ज्याची हयात गेली, त्याच्या कानातून काय निसटणार? जिनदत्तनं दचकून उघड्या दाराकडं बघितलं.

"चार ऱ्हायले," वस्ताद म्हणाले. "मागितले तर परत सांगशील."

"पण वस्ताद... तुम्ही मागितले म्हणून सांगितले. तुमच्यापासून काय लपवायचं?"

"मग त्या आठ फोनवाल्यांचंच चुकलं म्हणायचं. त्यांनी 'मी वस्ताद बोलतोय' म्हणायला पायजे हुतं."

जिनदत्तची मान खाली गेली. भर दुपारी, सताड उघड्या दुकानात, पोरीचं सगळं भवितव्य तो तोंडानं म्हणून मोकळा झाला होता. एवढा शिकलेला माणूस! लाज वाटली, आणि भीतीही वाटली. सोमवारपेक्षा जास्त वाटली.

वस्ताद उठले. गुडघ्यावर हात देत देत त्याच्यापर्यंत आले आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला. हात पूर्वीसारखाच खरबरीत होता. जिनदत्तला राहवेना, लहान पोरासारखं रडूच फुटलं.

"चुकलं, वस्ताद."

"तुझं ते कुलूप बदलता येतंय का?"

"येतं. नवीन बारा शब्द घ्यायचे, अन् सगळा माल तिकडं हलवायचा. अर्ध्या तासाचं काम."

"सोमवारला अजून चार दिवस हाईत."

"हो."

"मग आज घरी गेल्यावर पयलं ते कुलूप बदल. माझ्या कानावर पडलंय ते." वस्ताद परत जागेवर जाऊन बसले, कानस उचलली. "अन् नवे शब्द सूनबाईच्या हातनं लिहून घे... तुझं अक्षर कुणाला लागत न्हाई."