ठमाईची राहिलेली पुडी

फार वर्षांपूर्वी घाटमाथ्यावर रान इतकं दाट होतं की शेकरू जमिनीला पाय न लावता या डोंगरावरून त्या डोंगरावर जायचं. शेकरू म्हणजे तांबूस, झुबकेदार शेपटीची मोठी खार. तेव्हा हिरडवाडीत ठमाई नावाची सुईण राहायची. वाडीतलं प्रत्येक पोर पहिल्यांदा तिच्याच हातात रडलेलं.

ठमाईला एक खोड होती. बाळंतपणाची म्हणून मिळालेली नाचणी ती घरी नेत नसे. पळसाच्या पानात बांधून त्याच घराच्या वळचणीच्या गवतात खोल खुपसून ठेवायची आणि विसरून जायची. लोक चिडवायचे. सगळ्यात जास्त चिडवायचा लुमाजी. "ठमाय, म्हातारचळ लागला का गं?"

ती म्हणायची, "शेकरू बघ की. ते एका घरट्यात निजत नाय, सगळं बी एका जागी ठेवत नाय. म्हणून थंडीतून निभावतं."

वाडीची रीत मात्र उलटी. सगळ्यांची नाचणी खळ्यावरच्या एकाच थोरल्या, बांबूच्या कणगीत. एकीचा मोठा अभिमान ना! पौषात एका सकाळी दव गोठून असं दहिवर पडलं की गवत पायाखाली करकरलं. लोकांनी खळ्यावरच शेकोटी पेटवली. वारा फिरला आणि बघता बघता कणगीची राख झाली.

मोठी माणसं कंद उकरून जगली असती. पण लुमाजीची सून सगुणा ओली बाळंतीण होती. नाचणीची पेज नाही, तर अंगावर दूध नाही. तिसऱ्या दिवशी बाळाचं रडणंसुद्धा बारीक झालं.

लुमाजी ठमाईच्या दारात आला. मान खाली होती. "ठमाय, पुड्या कुठं ठेवल्यास?"

"आठवलं असतं तर मीच खाल्ल्या नसत्या का? इसरले म्हणून तर उरल्या, बाबा."

शोधायचं तर सगळ्या घरांची गवताची छप्परं उसकटावी लागणार, आणि त्या थंडीत पोरं उघड्यावर पडणार. ठमाई अंगणात आली, रानाकडे बघून तिनं हात जोडले आणि तिला रडू फुटलं. बाळ तिच्याच हातावर आलं होतं ना.

असं म्हणतात, तेवढ्यात रानातून एक शेकरू आलं. शेकरू माणसांच्या घरावर कधी येत नाही, पण त्या दिवशी आलं. या छपरावरून त्या छपरावर गेलं, प्रत्येक घरावर एकेका जागी थांबलं. ते थांबेल तिथं हात घालावा, तर हाताला पुडी लागावी. भूक घरोघरी होती, पण एकाही घरानं पुडी ठेवून घेतली नाही. सगळ्या सगुणाच्या उंबऱ्यावर आल्या. थंडी सरेपर्यंत तिच्या चुलीवर पेज शिजली. बाळ पुन्हा टाहो फोडून रडलं, तेव्हा लुमाजीच आधी हसला आणि मग रडला.

पुढं ठमाई पिकल्या वयात गेली. जाताना म्हणाली, "एक पुडी ऱ्हायलीय रे. कुठं ते आठवत नाय."

आता हिरडवाडीत घरांवर पत्रे आले. तरी प्रत्येक दारावर हातभर गवताची वळचण राखलेली असते. पहिलं दहिवर पडलं की जो तो मूठभर नाचणी शेजाऱ्याच्या वळचणीत लपवतो आणि विसरतो. वाडीत कुणी बाळंत झालं की मगच सगळे शोधायला निघतात.

ठमाईची ती एक पुडी मात्र कुणी शोधत नाही. ती आहे, एवढं वाडीला पुरतं.