पाठमोरी पंगत

भिवाईच्या पठारावर जेवायला बसलं, की तळ्याकडे पाठ करून बसायचं. जेवण उरकेपर्यंत मागे वळायचं नाही, आणि का वळायचं नाही ते विचारायचं नाही. शेलारांच्या घरात हे मुलांना फार लवकर कळतं. तेजलने लहानपणी विचारलं होतं, तेव्हा आत्याने मांडीला असा चिमटा काढला होता की वळ उठला.

तळं तसं लहानच. एका बाजूला कडा, बाकी उतरते खडक, आणि पाण्यात पुढे आलेला एक काळा चपटा दगड. दर मार्गशीर्षात शेलार मंडळी भाकऱ्या आणि भरली वांगी बांधून वनभोजनाला वर येतात. सगळ्यांची पंगत काठावर, पाठमोरी. घरातली सगळ्यात नवी सून मात्र त्या दगडावर एकटी बसते. पानातलं संपेपर्यंत तिने उठायचं नाही आणि कुणी तिला हाक मारायची नाही.

यंदा ती सून म्हणजे कावेरी, तेजलच्या भावाची, संकेतची बायको. कावेरीचा धाकटा भाऊ माहेरी नदीत बुडाला होता. तेव्हापासून तिला पाण्याजवळ उभं राहवत नसे. घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं.

चढण चढताना तिने तेजलला हळूच विचारलं, "ताई, तो दगड निसरडा असतो का हो?"

वडील पुढे गेले होते. तेजलने भावाला गाठलं. "दादा, तू तरी बोल अण्णांशी."

"जेवायला असा किती वेळ लागतो?" संकेत चपलेतला खडा काढत म्हणाला. "उगाच दिवस खराब नको करू."

"मग तूच बस की दगडावर."

"वकीलबाई," आत्या मागून म्हणाली, "तुमचं कोर्ट खाली राहिलं. इथं भिवाईचं चालतं."

नव्या सुनेला जेवणाआधी तळ्याची कथा ऐकवायची रीत आहे. तेजलच्या आईनंतर घरात नवी सून आली नव्हती, त्यामुळे तेजलही ती पहिल्यांदाच ऐकत होती. भिवाईचे गुरव गेनूतात्या देवळाच्या पायरीवर बसले आणि सांगू लागले.

फार पूर्वी हे तळं कोरडं होतं म्हणे. वाडीने खडक फोडून ते खणलं, पण पावसाळा सरला की पाणी कुठं जाई ते कळेना. जनावरं दावणीला मरू लागली. तेव्हा शेलारांच्या मूळपुरुषाने भिवाईला कौल लावला. घरातलं एक माणूस दे, असा कौल मिळाला. कोण, ते देवीने सांगितलं नाही. ते घरात बसून ठरलं. सगुणा नावाची सून नुकतीच लग्न होऊन आली होती.

मग एके दिवशी भाकऱ्या बांधून सगळे वनभोजनाला म्हणून वर आले. सगुणेने काळ्या दगडावर पान मांडलं. ती आनंदाने बसली, असं सांगतात. देवीची करणी माणसाने डोळ्यांनी पाहू नये, म्हणून घरच्यांनी पाठ फिरवली. आधी मागून गार वारा आला, मग खडकातून खळखळ ऐकू आली. जेवण उरकून ते वळले, तेव्हा तळं काठोकाठ भरलं होतं. पाण्यावर पत्रावळ तरंगत होती आणि तिच्यावर अर्धी भाकरी तशीच होती. तेव्हापासून हे तळं आटलेलं नाही.

"आनंदाने बसली, तर भाकरी अर्धी कशी राहिली?" तेजलने विचारलं.

"तेजल!" अण्णा म्हणाले.

"विचारते फक्त. तात्या, तिने हाक मारली होती का?"

तात्यांनी पागोटं सारखं केलं. "मारली होती, असं आमचे म्हातारे म्हणायचे. नवऱ्याला. पण कथेत ते घेत नाहीत."

"चला, पानं वाढा," आत्या घाईने म्हणाली.

कावेरी द्रोण-पत्रावळ घेऊन खाली उतरली. ती दगडावर बसेपर्यंत तेजल पाहत राहिली. मग अण्णांनी पाठ करायला सांगितलं आणि सगळे वळले. तीही वळली. पुढे मोकळं पठार होतं, वाळलेलं गवत होतं, खूप दूरवर वाडीची कौलं दिसत होती. जेवण सुरू झालं. कथेचा शेवट पंगत बसल्यावर सांगतात, तसा तात्यांनी आवाज लावला, "म्हणून आजही शेलारांची पंगत..."

"अहो," मागून कावेरीचा आवाज आला. मग जरा मोठ्याने, "अहो, ऐकता का?"

संकेतचा घास हातातच राहिला. त्याने मान खाली घातली, पण वळला नाही.

तेजल पान घेऊन उठली आणि तळ्याकडे तोंड करून उभी राहिली. कावेरी दोन्ही हातांनी दगडाची कड धरून बसली होती. पान पाण्यात पडलं होतं.

"खाली बस," अण्णा न वळता म्हणाले. "आजवर कुणी मोडलं नाही. तळं आटलं तर वाडीला काय सांगू?"

"सांगा, तेजलने आटवलं. मी पाठ करणार नाही, अण्णा. आज नाही आणि पुढेही नाही."

ती खडकांवरून उतरली, दगडावर कावेरीला टेकून बसली आणि आपल्या पानातली भाकरी मोडून अर्धी तिच्या हातात दिली. समोर काठावर तिच्या सगळ्या माणसांच्या पाठी एका रांगेत दिसत होत्या. तात्यांचं "म्हणून आजही" तिथंच राहिलं होतं, आणि पुढे काय म्हणायचं याची कुणी त्यांना आठवण करून देत नव्हतं.