ओगले सरांचं शिफारसपत्र

"म्हणजे सर, तुम्ही टेपचंही लिहिलंत?"

"हो."

"पत्रात?"

"पत्रातच."

पायरीवर बसलेली तनुजा मुकादम उठून उभी राहिली.

ओगले सर ओसरीवर डाळिंब्या सोलत होते. निवृत्तीनंतर ते डोंगराच्या पोटाशी असलेल्या या गावात येऊन राहिले होते. ज्याला भूजलाचं काही शिकायचं असेल, तो दोन बस बदलून त्यांच्याकडे येई. तनुजा तीन वर्षं येत होती.

आता तिने परदेशातल्या एका नामांकित विद्यापीठाच्या शिष्यवृत्तीसाठी अर्ज केला होता. सबंध देशातून पाच जण घेणार होते. अर्ज तिने अकरा वेळा नव्याने लिहून काढला होता. शिफारसपत्र मात्र सरांनी द्यायचं होतं, आणि ते त्यांनी कालच परस्पर पाठवून दिलं होतं.

टेपची गोष्ट दोन वर्षांपूर्वीची. खोऱ्यातल्या चाळीस विहिरींची पातळी तनुजा दर महिन्याला मोजत असे. पाणी झपाट्याने खाली चाललंय, असा तिचा शोधनिबंध छापून आला. कौतुक झालं. मग एक दिवस तिच्या ध्यानात आलं, की मध्येच आपण मोजायची टेप बदलली होती, आणि त्या दुसऱ्या टेपचं टोक वीतभर तुटलेलं होतं. टेपवर पाणी वीतभर खोल दिसत होतं; प्रत्यक्षात ते होतं तिथेच होतं.

तिने स्वतः येऊन सरांना सांगितलं आणि निबंध मागे घेतला.

अर्जात तिने त्याचा उल्लेखही केला नव्हता.

"सुवर्णपदकाचं लिहिलंत?"

"नाही."

"गावोगावच्या शिबिरांचं?"

"ते तुझ्या अर्जात असेलच की."

"मग पत्रात आणखी काय आहे?"

"काही नाही. तेवढंच आहे."

"सर, तुम्ही माझ्यावर रागावलात का?"

सरांनी परात तिच्याकडे सरकवली.

ती बसली. सोलू लागली. हा माणूस आपलं भलं करतोय की वाटोळं, तिला काही उमगेना. भांडावं म्हटलं तर कशावरून भांडायचं? त्यात खोटं असं एक अक्षर नव्हतं.

पुढे मुलाखतीचं बोलावणं आलं.

पाऊण तास मुलाखत चालली. समितीतल्या चौघांनी टेपखेरीज दुसरं काही विचारलंच नाही. तुटलेलं टोक कधी दिसलं? कोणाला सांगितलं? सांगितलं नसतं तर कोणाला कळलं असतं?

"कोणालाच नाही," ती म्हणाली.

चौघांनीही काहीतरी लिहून घेतलं. ते चांगलं होतं की वाईट, बाहेर आल्यावर तिला सांगता येईना.

पंधरा दिवसांनी उत्तर आलं. निवड झाली नव्हती. कारण दिलेलं नव्हतं.

तिच्या कॉलेजच्या विभागप्रमुखांना फार वाईट वाटलं. पुढच्या वर्षासाठी त्यांनी आपणहून शिफारसपत्र लिहून दिलं. 'कामात कधीही चूक न करणारी संशोधक,' असं त्यात होतं. तनुजाने ते दोनदा वाचलं, घडी घालून पर्समध्ये ठेवलं, आणि घरी जायला म्हणून स्टँडवर आली.

चढली मात्र ती डोंगराकडच्या बसमध्ये.

सर अंगणात धोतर वाळत घालत होते.

"निवड नाही झाली, सर."

"बरं."

"तुमच्या पत्रामुळेच नसेल झाली."

"असेलही."

"पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करणार आहे."

"कर."

"पत्र द्याल?"

"देईन."

"काय लिहाल?"

"तेच."

तनुजाने पर्स उघडली. विभागप्रमुखांचं पत्र त्यांच्यापुढे धरलं. सरांनी हात न लावता, उभ्या उभ्याच ते वाचलं.

"चांगलं लिहिलंय," ते म्हणाले. "हेच जोड."

"हो."

पण ती जागची हलली नाही.

"मग इथे कशाला आलीस?"

अर्जात तिने ध्येयाबद्दल दोन पानं लिहिली होती, मुलाखतीत पाऊण तास बोलली होती. आता एक वाक्य जुळेना.

"कळत नाहीये, सर. खरंच कळत नाहीये."

सरांनी हातातलं धोतर दोरीवर टाकलं. मग ओले हात पंच्याला पुसत घरात वळले.

"बस जरा," उंबऱ्यातून ते म्हणाले. "या वेळी ह्या 'कळत नाहीये'ची एक ओळ वाढवावी लागेल."