तीनशे होकार

गावतळी ठेकेदारांच्या घशात घालणारं विधेयक मंत्री गजेंद्रबाबूंनी सकाळी संसदेत मांडलं आणि दुपारी मंजुरीला घेतलं. भंडाऱ्याच्या मच्छीमार घरातल्या खासदार अनसूयाबाई कडाडल्या, "अहो, वाचू तरी द्या!"

मंत्री मिशीतल्या मिशीत हसले. "माझ्यामागे तीनशे खासदार आहेत, बाई. ते वाचत नाहीत. अध्यक्षांनी विचारलं, की 'हो' म्हणतात."

बाईंनी पाहिलं, तर जेवण अंगावर येऊन निम्मे पेंगत होते. त्यांनी गुपचूप एक लेखी सूचना अध्यक्षांकडे धाडली.

अध्यक्ष म्हणाले, "आधी अनसूयाबाईंची सूचना. विधेयक अभ्यासासाठी समितीकडे पाठवावं. मान्य असेल त्यांनी..."

"हो!" तीनशे गळे गरजले.

"मंजूर!"

"अरे, ऐका तरी!" मंत्री किंचाळले.

"ऐकायची सवय तुम्हीच मोडलीत, गजेंद्रबाबू," बाई म्हणाल्या. "आता समितीत बसून वाचा म्हणावं."