चंदराआत्याचं वळण

आपल्या मुलखानं एस्टीचं चाकही पाहिलं नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. नीट ऐका, मध्येच जांभया देऊ नका.

घाटापासून पार नदीपल्याडपर्यंत लांबलचक रस्ता निघाला होता. भोकरवाडीला वाटलं, आता आपलं नशीब उघडलं. पण चुन्याची रेघ आखली गेली ती गावाला बाजूला टाकून, माळावरून सरळ. गाव हिरमुसलं. चंदराआत्या मात्र भडकली. तिची लेक ठकू नदीपल्याड नांदत होती, पहिलटकरीण होती. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. पण सासूनं निरोप धाडला, "तुमच्याकडं रस्ता नाही. त्या धोंड्यांतून गाडी हाकली तर सून वाटेतच मोकळी व्हायची. ती इथंच राहील."

"राहते कशी, बघतेच!" म्हणत आत्यानं पदर खोचला आणि ती चुलीपुढं बसली.

तिच्या पिठल्याला लसणाची फोडणी बसली की वाराही वाट वाकडी करून यायचा, असं म्हणतात. माळावर यल्लाप्पा मुकादमाची टोळी खडी फोडत होती. वास आला नि हातोडे थांबले. आत्यानं हाक दिली, "या रे लेकरांनो, जेवून जा!" मग काय, रोज दुपारी सगळी टोळी चुन्याची रेघ तुडवत आत्याच्या दारात! एवढी माणसं जेवली, पण भाकरीची टोपली कधी रिकामी झाली नाही, असं म्हणतात.

असं करता करता माळावरची रेघच पुसली गेली. सगळा चुना टोळीच्या तळपायांना लागून आला नि आत्याच्या चुलीपर्यंत पांढरीफेक वाट उमटली. यल्लाप्पा डोकं खाजवत उभा राहिला.

"रेघ जिकडं, रस्ता तिकडं. तुमचीच पद्धत ना, मुकादम?" आत्या म्हणाली.

"आमचीच, आत्या," यल्लाप्पानं ढेकर दिला. "उद्या पण पिठलंच करा."

रस्ता वळला. मधल्या टेकाडानंही बूड सरकवून जागा दिली, असं म्हणतात. खडी अजून पडतच होती, तोवर सासू ठकूला घेऊन निघालीसुद्धा. गाडी वळणावर आली नि कळा सुरू झाल्या. घर हाकेवर, पण पुढं नुसते धोंडे.

"झालं! माहेर राहिलं पलीकडं," सासूनं कपाळाला हात लावला.

तेवढ्यात आत्या धावत आली, हातात चूल घेऊन. तीही पेटती! वळणावर ती मांडून म्हणाली, "विहीणबाई, जिथं माझी चूल, तिथं माझ्या पोरीचं माहेर. धरा आडोसा!"

नात जन्मली. टोळीनं आनंदानं हातोडे वाजवले, ते घाटापर्यंत ऐकू गेले, असं म्हणतात.

पुढं डांबर आलं, एस्टी आली. रस्ता सरळ करायला मोठमोठी माणसं आली, ती पिठलं खाऊन परत गेली. आजही भोकरवाडीची लेक पहिल्या बाळंतपणाला यायची असली, की गाव वळणापासून तिच्या दारापर्यंत चुन्याची रेघ ओढतं. वळणावर चूल पेटते, एस्टी थांबते, ड्रायव्हरही भाकरी घेतल्याशिवाय हलत नाही. आणि ज्या लेकीला आई उरलेली नसते, तिच्यासाठी रेघ वळणावरच्या चुलीपाशीच थांबते. तिथं सगळ्या गावच्या बाया तिची वाट बघत असतात.